लॅबचे चौदा संगणक आणि बूटलोडर: कामाच्या नोंदी

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

काल भाऊबिजेला बहिणीकडे जेवत होतो तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "अरे, लॅबमधले संगणक आता भंगारात काढायचे म्हणतात. तू एकदा येऊन बघून जा." आज सकाळी साखळीहून कदंब बस पकडली आणि साडेनऊला शाळेत पोचलो. दहावीपर्यंत याच शाळेत शिकलो. तेव्हा या खोलीत शिवणयंत्रं होती.

एकूण चौदा संगणक. नऊ टॉवर एकाच जातीचे, तीन एका कचेरीने नवे घेताना शाळेला दिलेले, एक पुस्तकाएवढा छोटा डबा आणि एक कार्यालयातला, ज्यावर फीचा हिशेब होतो आणि दाखले निघतात. सगळ्यांवर विंडोज १०. त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्या अटीत यातला एकही बसत नाही. पण यंत्रं धडधाकट आहेत. टॉवरमध्ये ४ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी आहे. मुलांनी मराठीत निबंध टाइप करायला, स्प्रेडशीट शिकायला, थोडं पायथन लिहायला याहून जास्त काय लागतं?

ठरलं ते असं: तेरा संगणकांवर फक्त डेबियन १३, म्हणजे लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि कार्यालयातल्यावर विंडोज राहू देऊन शेजारी डेबियन. हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो, त्याला हात लावायचा नाही. इंटरनेटचं काम डेबियनमधून करायचं.

दुपारभर साफसफाई. कॅबिनेट उघडलं की आतून लाल भुकटी. हा खाणींचा पट्टा, पंख्याच्या पात्यांवर गेरू फासल्यासारखा थर बसलेला. शिपाई मामांनी ब्लोअर धरला, मी ब्रश. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून १ ते १४ आकडे घातले.

शनिवार, २५ ऑक्टोबर

क्रमांक १ वर सुरुवात केली आणि अर्धा दिवस वाया घालवला. कुठे चुकलो ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण ही चूक कोणाच्याही हातून होईल.

डेबियनचा इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्ह लावून बूट मेनू, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ती यादी, उघडला तर तो एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एका ओळीत नावाआधी यूईएफआय (चालू होताच बोर्डावरून चालणाऱ्या फर्मवेअरची नवी रीत; जुनी म्हणजे बायोस) लिहिलेलं असतं, दुसऱ्यात नुसतं नाव. मी वरची ओळ निवडली, ती दुसरी होती. इन्स्टॉलेशन विनातक्रार पार पडलं, संगणक सुरूही झाला. मग सगळे टॉवर एकसारखे असावेत म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सीएसएम, म्हणजे जुन्या बायोसची नक्कल करणारी सोय, बंद केली. रीस्टार्ट केल्यावर पडद्यावर एकच ओळ: बूट होण्याजोगं काही सापडलं नाही.

कारण साधं आहे. पेनड्राइव्ह ज्या रीतीने सुरू होतो, त्याच रीतीचा बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, इन्स्टॉलर बसवतो. तो जुन्या रीतीने सुरू झाला होता, म्हणून डेबियनचा बूटलोडर ग्रब, तोही जुन्या रीतीने बसला. बायोसला फाइल म्हणजे काय ते कळत नाही. तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलतो आणि त्यात जे असेल ते चालवतो. त्यातले ४४६ बाइट बूटलोडरचे, ६४ पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याचे आणि शेवटचे २ खुणेचे. एवढ्याशा जागेत पूर्ण ग्रब मावत नाही, म्हणून उरलेला भाग पुढच्या मोकळ्या सेक्टरमध्ये दडवावा लागतो. यूईएफआय त्या ५१२ बाइटमधला कोड चालवतच नाही. त्याला फॅट फाइलसिस्टिम वाचता येते, आणि तो एका ठरलेल्या पार्टिशनमधली .ईएफआय फाइल सरळ प्रोग्रॅमसारखी चालवतो. सीएसएम बंद केल्याबरोबर माझा ग्रब त्याच्या दृष्टीने डिस्कवर नव्हताच.

यापुढे नियम: इन्स्टॉल करण्याआधी टर्मिनलमध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का ते बघायचं. असेल तर यूईएफआयने सुरू झालोय. नसेल तर तिथेच थांबायचं, रीस्टार्ट करून दुसरी ओळ निवडायची. ही तपासणी दहा सेकंदांची आहे. त्याहून बरं म्हणजे आधीच सीएसएम बंद करून टाकायचं, मग चुकीची ओळ मेनूत दिसतच नाही. उरलेल्या सगळ्या टॉवरांवर संध्याकाळपर्यंत तेच केलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

क्रमांक १ पुन्हा, या वेळी नीट. डिस्क पूर्ण पुसून पार्टिशनचा नव्या, जीपीटी प्रकारचा तक्ता घातला. पहिलं पार्टिशन ५१२ एमबी, फॅट३२, प्रकार ईएफआय सिस्टिम पार्टिशन. पुढे त्याला नुसतं ईएसपी म्हणतो. उरलेल्यात डेबियन. ईएसपी /बूट/ईएफआय या फोल्डरला जोडलं जातं, म्हणजे माउंट होतं.

इन्स्टॉल झाल्यावर ईएसपी उघडून आत काय आहे ते संगणकाच्या सरांना दाखवलं. सर गणित शिकवतात, संगणकाचे तास त्यांच्याकडे नंतर आले, पण माणूस खोलात जाणारा आहे. ईएफआय नावाच्या फोल्डरमध्ये डेबियन नावाचं फोल्डर. त्यात शिमएक्स६४.ईएफआय (ग्रबच्या आधी चालणारं शिम), ग्रबएक्स६४.ईएफआय आणि एक छोटी ग्रब.सीएफजी. ती फाइल उघडली तर आत फक्त तीन ओळी. पहिली म्हणते, अमुक यूयूआयडीचं, म्हणजे ओळखक्रमांकाचं, पार्टिशन शोध. दुसरी म्हणते, त्यातलं /बूट/ग्रब हे आपलं घर समज. तिसरी म्हणते, आता तिथली खरी ग्रब.सीएफजी वाच.

सर बघतच राहिले. म्हणाले, "म्हणजे हा बाहेरच्या पाटीसारखा आहे. घर आत कुठे आहे एवढंच सांगतो." अगदी बरोबर. मेनूची सगळी माहिती आतल्या फाइलमध्ये, इथे फक्त वाट.

मग ईएफआयबूटएमजीआर ही कमांड चालवली. तिने दाखवलं की मदरबोर्डच्या आपल्या स्मृतीत, एनव्हीरॅममध्ये, एक नोंद आहे: नाव डेबियन, अमुक ओळखक्रमांकाचं पार्टिशन, त्यातली शिमएक्स६४.ईएफआय ही फाइल. आणि बूटऑर्डर नावाच्या चलात त्या नोंदीचा क्रमांक सर्वात पुढे. यूईएफआयवर बूटलोडर बसवणं म्हणजे ही दोन कामं: डिस्कवर फाइल ठेवणं आणि बोर्डावर नोंद लिहिणं. ग्रब-इन्स्टॉल ही कमांड दोन्ही एका दमात करते, म्हणून आपल्याला ते एकच काम वाटतं.

हे मी सरांना समजावून सांगितलं, आणि तरी उद्याचं काम ठरवताना त्याचा विचार केला नाही. क्रमांक १ वर मराठी कळफलक, लिबरऑफिस, जीकॉम्प्री, थॉनी सगळं घालून तयार केलं आणि क्लोनझिला या प्रोग्रॅमने त्याच्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढली. उद्या आठ टॉवरांवर तीच ओतायची.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आठही टॉवर क्लोन झाले, प्रत्येकी साधारण बारा मिनिटं. आठांपैकी एकही सुरू झाला नाही.

शनिवारचीच ओळ आठ पडद्यांवर. आधी वाटलं प्रतिमा खराब आहे. क्रमांक ५ ची डिस्क काढून क्रमांक १ ला लावली, तर झटक्यात सुरू. म्हणजे डिस्क ठणठणीत. पाणी पिऊन पाच मिनिटं व्हरांड्यात बसलो आणि मग उलगडलं. क्लोन डिस्कचा होतो. बोर्डावरची नोंद डिस्कवर नसते, ती क्लोनमध्ये येणार कशी? या आठ बोर्डांकडे जुनी विंडोजची नोंद होती, ती ज्या पार्टिशनकडे बोट दाखवत होती ते मी पुसलेलं. नव्या फाइलचा पत्ता त्यांना कोणी दिलाच नव्हता.

यावर उपाय यूईएफआयच्या नियमांतच आहे. नोंद नसेल तर फर्मवेअरने ईएसपीमध्ये एका ठरलेल्या जागी बघायचं असतं: ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४.ईएफआय. पेनड्राइव्ह कुठल्याही संगणकावर सुरू होतो तो याच जागेमुळे, कारण त्याची नोंद कुठल्याच बोर्डावर नसते. डेबियन आपणहून ही जागा भरत नाही, आणि त्यामागचं कारण योग्य आहे. त्या डिस्कवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर तिची फाइल तिथे असू शकते. पण आपल्या टॉवरांवर दुसरं कोणी नाही.

फाइल हाताने कॉपी करून भागलं असतं, पण मला ते नको होतं. ग्रबचा अपडेट येतो तेव्हा डेबियन फोल्डरमधली फाइल बदलते आणि हाताने ठेवलेली प्रत जुनीच राहते. वर्षभराने एखाद्या सकाळी ती दोघं एकमेकांशी जुळेनाशी होतील आणि तेव्हा मी इथे नसेन. म्हणून क्रमांक १ वर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ने ग्रब-ईएफआय-एएमडी६४ या पॅकेजला त्याचे प्रश्न पुन्हा विचारायला लावले. त्यात एक प्रश्न येतो: काढत्या-घालत्या माध्यमांच्या जागीही ग्रब बसवू का? हो म्हटलं. आता प्रत्येक अपडेटच्या वेळी दोन्ही जागा आपोआप भरतील.

नवी प्रतिमा काढली आणि आठही पुन्हा ओतायला घेतले. रात्री आठपर्यंत थांबलो. मामांनी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून पातळ भाजी आणि पाव आणले.

आठही सुरू झाले. पहिल्या वेळी प्रत्येकजण एकदा आपणहून रीस्टार्ट होतो आणि मग डेबियन येतं. ती बिघाडाची खूण नाही. त्या ठरलेल्या जागी शिमसोबत एफबीएक्स६४.ईएफआय नावाचा छोटा प्रोग्रॅमही बसतो. तो डेबियन फोल्डरमधली बूटएक्स६४.सीएसव्ही ही फाइल वाचतो आणि बोर्डावर हरवलेली नोंद नव्याने लिहून देतो. मला हे फार आवडलं. कोणीतरी कधीतरी आपल्यासारखंच एखाद्या लॅबमध्ये अडकलं असणार आणि मग बसून हे लिहिलं असणार.

क्लोन केल्यामुळे सगळ्यांचं नाव आणि मशीन-आयडी एकच झाले होते, ते प्रत्येकावर बदलले.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सकाळी क्रमांक ७ वर मुद्दाम परीक्षा घेतली. डिस्कची केबल काढली, तसाच चालू केला, बंद केला, केबल परत लावली. ईएफआयबूटएमजीआरने नंतर दाखवलं की डिस्क दिसली नाही तेव्हा फर्मवेअरने नोंद पुसून टाकली होती आणि परत आल्यावर ती पुन्हा लिहिली गेली. सगळीच फर्मवेअर अशी पुसत नाहीत, पण बरीच पुसतात. धूळ झाडताना केबल ढिली होणं इथे नेहमीचं, त्यामुळे ही परीक्षा महत्त्वाची होती.

सरांनी विचारलं, "ते सिक्युअर बूट बंदच करून टाकू या का? सगळे तसंच सांगतात."

बंद करायचं नाही, असं मी ठरवलं. सिक्युअर बूट चालू असताना फर्मवेअर सही नसलेली फाइल चालवत नाही, आणि बहुतेक बोर्डांत सही तपासायला मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असतात. म्हणून मध्ये शिम येतं. शिमवर मायक्रोसॉफ्टची सही, आणि शिमच्या पोटात डेबियनची किल्ली. फर्मवेअर शिमला तपासतं, शिम ग्रबला, आणि ग्रबकडून सुरू होणारा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तोही सहीचाच लागतो. डेबियनमध्ये ही साखळी २०१९ च्या डेबियन १० पासून आहे. आपल्या टॉवरांना बाहेरचा कुठलाही ड्रायव्हर लागत नाही, मग बंद करायला कारणच उरत नाही. मोकयूटिल या कमांडने तपासलं, नऊही टॉवरांवर चालू आणि सुरळीत.

एक गोष्ट मात्र वहीत ठळक लिहिली. शिमवरची सही मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या किल्लीची आहे आणि तिची मुदत जून २०२६ मध्ये संपते. आज बसलेला बूटलोडर त्यामुळे बंद पडणार नाही, फर्मवेअर सहसा मुदतीची तारीख बघत नाही. पण पुढची शिम २०२३ च्या किल्लीने सही होऊन येतील. मोकयूटिल --डीबी ने बोर्डावरच्या किल्ल्यांची यादी बघितली, त्यात २०२३ ची नाही. पुढच्या मे महिन्यात येऊन हे पुन्हा बघायचं.

साडेचारला ढग दाटले, गडगडाट सुरू झाला. सगळे प्लग भिंतीतून काढून घरी.

शनिवार, १ नोव्हेंबर

कचेरीकडून आलेले तीन, क्रमांक १० ते १२. दोन दिवस इथेच गेले, काल रात्री झोपताना डोक्यात हेच.

प्रतिमा ओतली. ठरलेल्या जागी फाइल आहे, तरी सुरू होत नाही. पेनड्राइव्हवरून आत जाऊन हाताने नोंद लिहिली, बूटऑर्डरमध्ये पुढे आणली, वाचून खात्री केली. रीस्टार्ट केल्यावर नोंद गायब. पुन्हा लिहिली, पुन्हा गायब. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये बूटच्या पानावर एकच नाव दिसतं, विंडोज बूट मॅनेजर, आणि तेही विंडोज नसताना.

म्हणजे या फर्मवेअरला दुसरं काही चालवता येतं हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलेलं नाही. ते ईएफआय फोल्डरमध्ये मायक्रोसॉफ्ट, त्यात बूट, त्यात बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय एवढी एकच फाइल शोधतं. यूईएफआयच्या नियमांत असं कुठेही लिहिलेलं नाही. राग आला, आणि तो रास्त आहे. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतलं, त्यावर काय चालवायचं हे त्याने ठरवायचं.

आता त्याला जी जागा कळते तिथेच आपली फाइल ठेवणं भाग होतं. ते फोल्डर तयार केलं, शिम त्या नावाने तिथे कॉपी केलं. रीस्टार्ट. या वेळी काळ्या पडद्यावर वेगळं वाक्य आलं: त्या मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमध्ये ग्रबएक्स६४.ईएफआय सापडली नाही. ते वाक्य बघून इतका आनंद झाला की मी मामांना हाक मारली. शिम चालू झालं होतं! ते आपल्या शेजारी, त्याच फोल्डरमध्ये ग्रब शोधतं, एवढंच मी विसरलो होतो. ग्रबएक्स६४.ईएफआय शेजारी ठेवली आणि क्रमांक १० सुरू झाला. पुढे दुसरी काही हालचाल लागली नाही, कारण ग्रब ती तीन ओळींची फाइल डेबियन फोल्डरमधूनच वाचतो.

इथे हाताने ठेवलेल्या प्रती टळत नाहीत. म्हणून चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली आणि एपीटीच्या, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये अशी जोडली की पॅकेजं बदलली की ती चालते आणि दोन्ही फाइल नव्याने कॉपी करते. ग्रबचं पॅकेज मुद्दाम पुन्हा बसवून पाहिलं, फाइलींची वेळ बदलली. तिन्हीवर तेच. या तीन कॅबिनेटवर लाल चिकटपट्टी लावली, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की इथे काहीतरी वेगळं केलं आहे.

रविवार, २ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. काम नाही. ऊस, आवळे, चिंचा आणायला सकाळी बाजारात गेलो, तिथे बाई भेटल्या. "झाले का रे सगळे?" दोन राहिले म्हणून सांगितलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

क्रमांक १३, छोटा डबा. आज दहावीतली एक मुलगी सकाळपासून मदतीला होती. शेजारीच राहते, तिला हे सगळं बघायचं होतं.

या डब्याला आपला पेनड्राइव्ह दिसत होता, पण निवडला की पडदा एकदा लुकलुकून परत मेनूवर. तिने विचारलं, "दादा, याला पेनड्राइव्ह आवडत नाही का?" मलाही तसंच वाटायला लागलं होतं. मग प्रोसेसरचं नाव बघितलं आणि लक्षात आलं. अॅटम घराण्यातले असे बरेच छोटे संगणक आहेत ज्यांचा प्रोसेसर ६४ बिटचा, पण फर्मवेअर ३२ बिटचं. ३२ बिटचं यूईएफआय बूटएक्स६४.ईएफआय कडे बघतच नाही. त्याला बूटआयए३२.ईएफआय लागते.

डब्याची डिस्क २.५ इंची, साटाची. ती काढून क्रमांक २ मध्ये जोडली, प्रतिमा ओतली, आणि सीएचरूट या कमांडने त्या डिस्कवरच्या डेबियनमध्ये शिरून ग्रब-ईएफआय-आयए३२ हे पॅकेज घातलं. मग ग्रब-इन्स्टॉल: टार्गेट आय३८६-ईएफआय, आणि --रिमूव्हेबल. ते नसतं तर नोंद क्रमांक २ च्या बोर्डावर लिहिली गेली असती, डब्याच्या नाही. डिस्क परत डब्यात. सुरू. ३२ बिटच्या फर्मवेअरवरून ६४ बिटचा कर्नल सुरू होतो, ही सोय लिनक्समध्ये २०१४ पासून आहे.

मुलीला /सिस/फर्मवेअर/ईएफआय मधली एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ नावाची फाइल उघडून दाखवली. आत फक्त एक आकडा: ३२. मग ती उठून क्रमांक २ वर गेली, तीच फाइल उघडली, आणि तिथून ओरडली, "चौसष्ट!" पुढचा अर्धा तास ती एकेका टॉवरवर जाऊन ते बघत होती. सगळीकडे एकच आकडा येणार हे तिला माहीत होतं, तरी प्रत्येकावर बघितलं. मी तिला थांबवलं नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

कार्यालयातला, क्रमांक १४. इथे चुकून चालणार नव्हतं. शाळेचे सगळे दाखले त्यात. आधी हिशेबाच्या फाइली दोन वेगळ्या डिस्कवर घेतल्या आणि कारकून बाईंना दोन्ही उघडून दाखवल्या. त्या "बरं" म्हणाल्या तेव्हाच पुढे गेलो.

विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी सोय, बंद आहे हे तपासलं. चालू असतं तर बूटची साखळी बदलताच रिकव्हरी की मागितली असती, आणि ती कोणाकडे आहे हे शोधत बसावं लागलं असतं. फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तशा पार्टिशनवर दुसरीकडून लिहिणं धोक्याचं.

नवं ईएसपी करायचं नाही. विंडोजचं आहे तेच १०० एमबीचं वापरायचं, फॉरमॅट न करता. बायोसच्या दिवसांत दोन सिस्टिम एका बूट सेक्टरवरून भांडायच्या, नंतर बसणारी आधीच्या डोक्यावर बसायची. इथे मायक्रोसॉफ्टचं फोल्डर वेगळं, डेबियनचं वेगळं, एकाच चाळीत दोन बिऱ्हाडं. ठरलेल्या जागेचा प्रश्न आला तेव्हा इथे मात्र नाही म्हटलं. तिथे विंडोजने स्वतःची प्रत ठेवलेली असते आणि या बोर्डाला नोंदी नीट लक्षात राहतात.

ग्रबच्या मेनूत विंडोज दिसलं नाही. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर आपोआप चालत नाही. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर ला फॉल्स दिलं, अपडेट-ग्रब चालवलं, आणि विंडोजची ओळ आली. कारकून बाईंना सकाळी विंडोजच लागतं, म्हणून मेनूत ते पहिलं ठेवलं.

पाचला आटोपलं. आज त्रिपुरारी पौर्णिमा. परतताना विठ्ठलापूरला उतरलो. वाळवंटीच्या काठावर गर्दी, पाण्यात सजवलेल्या नौका. बराच वेळ उभा राहिलो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आजचा दिवस फक्त सरांसाठी. मी उद्या पुण्याला निघतोय. लॅब बंद पडली की माझ्या फोनची वाट बघायची, असं मला व्हायला नको आहे. शाळेत असताना आम्ही एका बिघडलेल्या प्रोजेक्टरसाठी वर्षभर माणसाची वाट बघितली होती, ते मी विसरलेलो नाही.

कपाटात दोन पेनड्राइव्ह ठेवले, एकावर डेबियनचा इन्स्टॉलर, दुसऱ्यावर क्लोनझिला आणि आपली प्रतिमा. शंभर पानी वही केली. प्रत्येक संगणकाला एक पान: बूट मेनूची कळ कुठली, सिक्युअर बूट चालू की बंद, काही वेगळं केलं असेल तर काय.

मग सरांना खोलीबाहेर जायला सांगितलं. क्रमांक ३ वर नोंद पुसली, वर ईएसपीमधली बूट आणि डेबियन ही दोन्ही फोल्डरंही काढून टाकली. सर आत आले. पडद्यावरची ओळ बघून त्यांनी माझ्याकडे नाही, वहीकडे बघितलं. पेनड्राइव्ह लावला, मेनूतून यूईएफआयची ओळ निवडली, रेस्क्यू मोडमध्ये गेले, रूट पार्टिशन कुठलं ते दोनदा खात्री करून निवडलं. ईएसपी माउंट करू का या प्रश्नाला हो म्हणाले. ग्रब पुन्हा बसवा हा पर्याय, आणि त्यानंतर ठरलेल्या जागीही बसवा हा दुसरा. रीस्टार्ट.

एकोणीस मिनिटं लागली. डेबियनचा मेनू आला तेव्हा सर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा पुसा. आता वही न बघता करतो."

दुसऱ्यांदा अकरा मिनिटं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुण्याहून लिहितोय. आज पहिल्यांदा आठवीचा वर्ग लॅबमध्ये बसला. दुपारी सरांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, क्रमांक ६ चं पान. माझ्या अक्षराखाली त्यांच्या निळ्या शाईत:

"११/११. सकाळी सुरू झाला नाही. डिस्क दिसत नव्हती. केबल ढिली. घट्ट बसवली. एकदा आपोआप रीस्टार्ट, मग सुरू. नोंद परत आली, तपासले. वेळ ४ मिनिटे."

खाली वेगळ्या, गोल अक्षरात, बहुधा त्या दहावीतल्या मुलीच्या: "केबल मी बसवली."